एका घरात एक अंडं

५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. आता फाडायच्या आधी निदान दुसरं पान वाच. त्यात तुझा-माझा विषय नाही, माश्यांचा आहे.

पत्ता औषधवाल्याने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. दुकानाला दुकान लागून, रोज शटर उघडताना बिचाऱ्याला माझंच तोंड बघावं लागतं, तरी सहा वर्षं त्याने दाद दिली नाही. "तो माझा वर्गमित्र आहे, त्याला विचारल्याशिवाय नाही देणार," हेच पालुपद. शेवटी मी त्याच्या तीन पँटी शिवायला घेतल्या आणि अडवून ठेवल्या. आठवडाभर एकाच पँटवर काढल्यावर चिठ्ठीवर पत्ता उतरवून दिला. नंबर मात्र नाहीच. म्हणाला, "ताई, पत्र लिहा. पत्र न वाचता फेकता येतं. त्याला तेवढी सोय राहू दे."

तर माश्या. दोन महिन्यांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. सत्तरीच्या, ताठ, आवाज असा की मी न सांगताच उभी राहिले. आयुष्यभर नर्स होत्या, आता मधमाश्या पाळतात आणि वाचनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी शिकवतात. त्यांना वर्गासाठी बारा टोप्या हव्या होत्या, चहूबाजूंनी जाळी सोडलेल्या, गळ्याशी नाडी. मी म्हटलं, त्यात काय, आणि पांढरीशुभ्र जाळी लावून बाराच्या बारा शिवल्या. इतक्या सुबक झाल्या होत्या की हसूच नकोस. बाईंनी एक डोक्यावर चढवली, दोन पावलं चालल्या आणि थेट दाराच्या चौकटीवर आपटल्या. "यातून मला तुम्ही दिसत नाही, माशी कुठून दिसणार?" पांढऱ्या जाळीवर उजेड पडला की डोळे दिपतात. काळ्या जाळीतूनच आरपार दिसतं. चौतीस वर्षं शिवतेय रे मी, आणि हे मला माहीत नव्हतं. बाराही उसवल्या.

नव्या टोप्या घेऊन रविवारी मीच गेले, फिटिंग बघायला. बाईंनी पेटीतून एक चौकट वर काढली. हातभर लांब, पोळ्याने भरलेली, आणि तिच्यावर हजारएक माश्या, एकीला दुसरीशी भांडायला वेळ नाही. मी तोंडातल्या टाचण्या काढायला विसरले. पुढच्या रविवारी परत गेले, त्याच्या पुढच्याही. आता मला स्वतःची पेटी मिळणार आहे. मागच्या अंगणात, नळ आणि कपड्यांची दोरी यांच्यामध्ये ठेवायची. सत्तावन्नाव्या वर्षी ताईला खूळ लागलं म्हणशील. म्हण.

दुसरं पान संपलं, आता खरं सांगते. मला तू परत माझ्याशी बोलायला हवा आहेस. भांडलास तरी चालेल. माश्या वगैरे आहेतच, पण पत्र त्यासाठी लिहिलंय.

तुझी ताई


२ मार्च

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. काही हरकत नाही, मी थांबणारी नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

वीस तारखेला पेटी आली. बाईंनी स्वतः आणून ठेवली, दार सकाळच्या उन्हाकडे करून. औषधवाल्याने आपल्या मागच्या खिडक्या धाडधाड लावून घेतल्या आणि आतून ओरडला, "चावल्या तर मलम माझ्याकडून घ्यायचं नाही!" चार दिवसांनी तोच कठड्यावर कोपरं टेकून बघत उभा. पायांना परागांचे पिवळे गोळे चिकटवून येणाऱ्या माश्या मोजत होता. म्हणाला, मनाला बरं वाटतं.

बाईंची शिस्त कडक आहे. पेटीच्या झाकणावर बाहेरून एक कार्ड टोचलेलं असतं. दर आठवड्याला पेटी उघडायची आणि कार्डावर लिहायचं: तारीख, राणी दिसली का, अंडी दिसली का, खायला किती आहे. राणी हजारांत लपते, नेहमी सापडत नाही. पण मेणाच्या छोट्या सहाकोनी घरांत अंडी दिसली की पुरे. पांढऱ्या दोऱ्याचं तुटकं टोक असावं एवढंसं अंडं. पहिल्या दिवशी उभं, दुसऱ्या दिवशी कललेलं, तिसऱ्या दिवशी आडवं. म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती, हे राणी न बघता सांगता येतं. आहे की नाही गंमत?

बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलंय, पहिले काही दिवस त्यांना बसू द्या, मी आल्याशिवाय उघडू नका. मी कसली ऐकते! शनिवारी एकटीनेच जरा उघडून बघितली. तशी थोडीशीच. मग लगेच बंद केली.

माश्या छान ये-जा करताहेत. बाईंना गुडघ्यामुळे सारखं येणं जमत नाही, म्हणून कार्ड मीच भरते. सगळं ठीक.

तुझी ताई


२४ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड आलं!

वर नाव नाही, खाली सही नाही, "प्रिय" नाही आणि "ताई" तर नाहीच नाही. "सगळं ठीक म्हणजे काय? उघडून बघितलंस का? अंडी दिसली का?" एवढंच. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही गेली नाही. तिकडे लिफ्टच्या दोऱ्या तपासणारा माणूस, माश्यांतलं तुला काय कळतं? मीच लिहिलेलं मलाच विचारतोस!

पण काय सांगू तुला, कार्ड मशीनच्या खणात ठेवलं आणि दर गिऱ्हाइकामागे काढून वाचलं. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

आणि हो, मेल्या, तुझा प्रश्न झोंबला. कारण त्या शनिवारनंतर मी पेटी उघडलीच नव्हती. कार्डावर चारही आठवडे "सगळं ठीक" लिहिलं, दारातली ये-जा बघून. म्हणून काल सकाळी टोपी चढवली, धुराड्यात गोणपाट पेटवलं, धूर दिला आणि उघडली. मधली चौकट काढून भिंगातून बघितलं. अंडी! आणि एखाददुसरं नाही, एकेका घरात चार-चार, पाच-पाच, काही तर भिंतींना चिकटलेली. इतकी कर्तबगार राणी बाईंच्या पेटीतसुद्धा नसेल. मी तिथल्या तिथे औषधवाल्याला हाक मारून दाखवलं. त्यालाही अभिमान वाटला, जणू त्यानेच घातली होती.

तेव्हा घे उत्तर: उघडून बघितलं, अंडी दिसली, भरपूर दिसली. आता तू सांग, जेवतोस का वेळेवर? केस राहिलेत का थोडे?

तुझी ताई


३० मार्च

प्रिय धाकट्या,

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं.

मी रविवारच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, एका घरात पाच-पाच अंडी. बाईंनी चष्मा काढला. वर्ग सुटल्यावर गुडघ्याला पट्टा बांधून त्या माझ्याबरोबर घरी आल्या, चौकट उन्हाकडे धरली, आणि म्हणाल्या, "राणी नाही. महिना तरी झाला."

राणी एका घरात एकच अंडं घालते, बरोबर तळाशी, मधोमध. राणी गेली आणि दुसरी करायची वेळ निघून गेली की काही कामकरी माश्या स्वतःच अंडी घालायला लागतात. त्यांना ते काम येत नाही, म्हणून अशी ढिगाने, वेडीवाकडी. त्यातून नुसते नर निघतात, खायला काळ आणि भुईला भार. नव्या कामकरी जन्मतच नाहीत. बाहेरून ये-जा चालू दिसते, आणि आतून घर संपत आलेलं असतं.

बाईंनी झाकणावरचं कार्ड काढलं. चार ओळी, चारही "सगळं ठीक". म्हणाल्या, "पेशंटच्या कागदावर असं लिहिणारीला मी वॉर्डातून बाहेर काढायचे. ठीक आहे हे तुम्ही ठरवायचं नाही. काय दिसलं ते लिहायचं. नाही बघितलं तर 'नाही बघितलं' लिहायचं." मी मान खाली घालून उभी. सत्तावन्न वर्षांची बाई, शाळेत अंगठे धरून उभं राहावं तशी.

मग मी कबूल केलं. त्या शनिवारी एकटीने उघडली तेव्हा चौकट हातातून सटकली होती. काठावर आपटली. घाईघाईने उचलून आत कोंबली, झाकण दाबलं. राणी तेव्हाच चिरडली असणार. मला तेव्हाच शंका आली होती रे. म्हणून तर परत उघडली नाही. जोवर बघत नव्हते, तोवर ती जिवंत होती.

हे वाक्य लिहिलं आणि चहा करायला उठले. आता परत बसलेय. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

आईच्या आजारपणातही मी हेच केलं. तुला चार महिने फोनवर "आई बरी आहे, आई झोपलीय" सांगत राहिले, ते तुला माहीत आहे. त्यावरूनच तू उठून गेलास आणि सहा वर्षं फिरकला नाहीस. पण आई गेल्यावर, त्या दिवशी दारात तू मला विचारलंस, "का नाही कळवलंस?" आणि मी म्हणाले, "आईच म्हणाली, त्याला त्रास देऊ नकोस." ते खोटं होतं.

आईने तसं कधीच म्हटलं नाही. आईने दोनदा विचारलं, "त्याला कळवलंस ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. दुसऱ्यांदा तर म्हटलं, निघालाय. मग ती कूस बदलून दाराकडे तोंड करून झोपली, शेवटचे दोन दिवस. मी तुला फोन करायला उठायचे आणि म्हणायचे, संध्याकाळपर्यंत उतार पडेल, मग बरी झाल्यावरच बोलू दे तुम्हा दोघांना. तुझी नोकरी नवी होती, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण, तुला "ये" म्हटलं असतं तर ती जाणार आहे हे मला मान्य करावं लागलं असतं.

तुला सहा वर्षं वाटत राहिलं असेल, आईला आपण नको होतो. तिला तू हवा होतास. मी बोलावलं नाही.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते मागायचं तोंड नाही मला. फक्त तुला खरं माहीत असावं.

तुझी ताई


१८ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं काही आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की माझं मशीन आपोआप थांबतं.

पेटीचं कळवते. तुझा प्रश्न होता म्हणून, आणि अर्धवट सांगायचं मी सोडलंय म्हणून.

बाई म्हणाल्या, अशी पेटी सावरणं अवघड, पण एक उपाय आहे. त्यांच्या चांगल्या पेटीतली एक चौकट आणायची, जिच्यात राणीची अंडी आणि कोवळ्या अळ्या आहेत. ती माझ्या पेटीत ठेवायची. अळ्यांच्या वासाने त्या अंडी घालणाऱ्या हळूहळू थांबतात. एका चौकटीने भागत नाही, दर आठवड्याला एक, असे तीन आठवडे. मग कधी तरी माश्यांच्या लक्षात येतं की आपल्याला राणी नाही, आणि त्या एखाद्या अळीला राणी करायला घेतात. जमलं तर जमलं.

मी म्हटलं, "बाई, तुमची पेटी कमजोर होईल की." म्हणाल्या, "होईल थोडी. मग?" आणि पिशवी माझ्या हातात दिली.

तिन्ही आठवडे एकेक चौकट ओल्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून मी चालत आणली. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात ढिगातली अंडी कमी दिसली. परवा उघडलं, तर तिसऱ्या चौकटीच्या खालच्या काठाला शेंगदाण्याच्या टरफलासारखं एक घर लोंबत होतं. राणीचं घर. मी कार्डावर लिहिलं: "राणीचं घर एक. आत काय आहे ते दिसलं नाही." बाईंनी वाचलं आणि कार्ड परत झाकणावर टोचलं. त्यांच्यात त्याला शाबासकी म्हणतात.

मला तीन डंख बसले, एक नाकावर. औषधवाल्याने मलम दिलं, आणि वर हसलाही. तू असतास तर फोटो काढून जन्मभर छळलं असतंस. छळ करायला तरी ये, असं मनात आलं. आलं म्हणून लिहिलं.

तुझी ताई


९ मे

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. "राग आहे. आधीपेक्षा जास्त आहे. पण आईने विचारलं होतं, हे कळलं. राणीचं काय झालं?"

राग असू दे. तो तुझा हक्काचा आहे, मी त्यात एक टाकाही उसवणार नाही. आधीपेक्षा जास्त आहे असं तू मला सांगितलंस, यातच मला खूप मिळालं. कार्डावर पाणी पडून शाई पसरलीय. पाणी कसलं ते विचारू नकोस.

राणीचं सांगते. ते लोंबतं घर मागच्या महिन्याच्या शेवटी खालून गोल कापलेलं दिसलं, झाकणासारखं. म्हणजे ती बाहेर पडली. नंतर ती एकदा आकाशात उडून जाते, नरांना भेटते आणि परत येते. येताना एखाद्या पाखराने गिळली तर संपलं. बाई म्हणाल्या, दहा दिवस पेटीला हात लावायचा नाही. या वेळी न उघडणं हेच काम होतं, आणि मी सांगते तुला, ते उघडण्याहून कठीण. औषधवाला रोज सकाळी कठड्यावरून विचारायचा, "काही कळलं?" त्याला मी एकदा खेकसले, मग मलाच वाईट वाटलं, अडवून ठेवलेली तिसरी पँट शिवून दिली.

काल उघडलं. बाई शेजारी उभ्या होत्या, पण चौकट मी धरली. भिंगातून बघितलं. एका घरात एक अंडं. तळाशी, मधोमध, उभं. पुढच्या घरात एक. त्याच्या पुढच्या घरात एक. तळहाताएवढ्या जागेत सगळीकडे एकेक. मी रडले, टोपीच्या आत. जाळीमुळे डोळे पुसता येत नाहीत, हे शिकवणीत कुणी सांगितलं नव्हतं. कार्डावर लिहिलं: "अंडी दिसली. राणी दिसली नाही." बाई म्हणाल्या, "आता शिकलात."

आता दुसरं. हे कार्डावरचं नाही.

मागच्या महिन्यात अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, गाठ लागली हाताला. वाटाण्याएवढी. तीन आठवडे मी कुणाला बोलले नाही. माझी खोड तुला माहीत आहे. काल पेटी बंद केली, टोपी काढली आणि तिथेच नळाजवळ बाईंना सांगितलं. त्यांनी हात धुतले, मला आत नेलं, तपासलं, आणि आज सकाळी बरोबर येऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सुईने थोडं काढून तपासायला पाठवू. साधीही असू शकते, नसूही शकते. आईला होतं तेच असेल असं नाही, असं बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, पण त्यांनाही माहीत नाही.

औषधवाला म्हणाला, "मी फोन करून सांगतो त्याला." मी त्याला हात जोडले. म्हटलं, हे मला सांगू दे. काय निघेल ते कळायच्या आधी मी कुणाला काही सांगतेय, हे आयुष्यात पहिल्यांदाच. अक्षर बघ, तुझ्यासारखं आलंय.

सुईची तपासणी एकवीस तारखेला, बुधवारी, सकाळी साडेदहाला आहे. स्टँडवरून दवाखाना चालत सात मिनिटं. चौकातून उजवीकडे, शाळेची भिंत संपली की निळं फाटक. मी तिथे बाकावर बसलेली असेन.

इथे मी "माझी मी जाईन, तू काळजी करू नकोस" असं लिहिलं होतं. खोडलंय, दिसतच असेल. मला भीती वाटतेय. ये.

तुझी ताई